विष्णू दिगंबर मार्गावरचा कादंबरीकार: लक्ष्मण राव

वऱ्हाडवाट (धागाकर्ता)

लक्ष्मण राव यांचं नाव घेतलं की बहुतेकांना एकच छायाचित्र आठवतं. दिल्लीत आयटीओ चौकाजवळ, हिंदी भवनाच्या बाहेरच्या पदपथावर एक माणूस चहा उकळतोय आणि शेजारी त्यानेच लिहिलेल्या पुस्तकांची चळत मांडलेली आहे. ते छायाचित्र अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरतं, लोक हात जोडतात आणि पुढे जातात. त्या छायाचित्रात जे मावत नाही त्याबद्दल मला लिहायचंय. चाळीस वर्षांहून जास्त काळ हा माणूस हिंदीत कादंबऱ्या लिहितोय, स्वतः छापतोय, स्वतः विकतोय आणि आलेल्या पैशांतून पुढची छापतोय. स्वतंत्र कथालेखकाच्या आयुष्याचं इतकं दीर्घ आणि इतकं उघड्यावर घडलेलं उदाहरण आपल्याकडे मला तरी दुसरं दिसत नाही. आणि हा माणूस आपल्या अमरावती जिल्ह्यातला, तळेगाव दशासरचा.

आधी थोडक्यात आयुष्य. शेतकरी घर. गावात दहावीपर्यंत शिक्षण. मग अमरावतीला सूतगिरणीत काम. विजेच्या अडचणीमुळे गिरणी बंद पडली, तेव्हा परत गावी येऊन शेती. पण मन शेतीत रमेना. वडिलांकडून ४० रुपये घेऊन घर सोडलं ते थेट भोपाळ. तिथे बांधकामावर मजुरी केली, थोडे पैसे गाठीला बांधले आणि १९७५ मध्ये दिल्ली गाठली. दिल्लीतही सुरुवातीला मजुरी आणि ढाब्यावर भांडी घासणं. १९७७ च्या सुमारास विष्णू दिगंबर मार्गावर झाडाखाली पान-विडी-सिगारेटचं छोटं दुकान थाटलं, पुढे तिथेच चहा सुरू झाला. पहिली कादंबरी 'नई दुनिया की नई कहानी' १९७९ मध्ये आली. म्हणजे दुकान लावल्यापासून साधारण दोन वर्षांत. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, त्यावर पुढे येतो.

लिहिण्याची ओढ मात्र दिल्लीच्या आधीची, गावातली. गुलशन नंदा यांच्या कादंबऱ्या त्यांनी शाळकरी वयापासून वाचल्या आणि आपणही असाच लेखक व्हायचं हे ठरवून टाकलं. साठ-सत्तरच्या दशकांत गुलशन नंदा म्हणजे काय चीज होती हे आजच्या वाचकांना कदाचित कळणार नाही. 'कटी पतंग' सिनेमा त्यांच्याच कादंबरीवरचा. रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलपासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंत त्यांच्या कादंबऱ्या पोचायच्या, आणि ज्याच्या घरात पुस्तक नावाची वस्तूच नाही अशा मुलापर्यंत कथा पोचायची ती याच वाटेने. समीक्षकांनी या लेखनाला कधी दारात उभं केलं नाही. पण तळेगावच्या एका मुलाला 'मी लेखक होईन' असं वाटायला लावण्याचं काम त्याच लेखनाने केलं. दिल्लीत आल्यावर रविवारी दर्यागंजच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात जाऊन त्यांनी शरदबाबू (बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय), प्रेमचंद, शेक्सपिअर असं सगळं वाचून काढलं. म्हणजे गुलशन नंदांपाशी सुरू झालेलं वाचन तिथेच थांबलं नाही.

दुसरी प्रेरणा एका मरणाची आहे. गावातला रामदास नावाचा मुलगा नातेवाइकांकडून परत येताना वाटेतल्या नदीचं स्वच्छ पाणी बघून आत उतरला आणि पुन्हा वर आलाच नाही. लक्ष्मण रावांच्या मनातून ती घटना गेली नाही, आणि 'रामदास' ही त्यांची सगळ्यात नावाजलेली कादंबरी त्यातून उभी राहिली. अशी एखादी घटना प्रत्येक गावात घडलेली असते. लोक महिनाभर बोलतात, मग ती आई सोडून सगळे विसरतात. कोणी एकजण ती कित्येक वर्षं उरात बाळगतो आणि परक्या शहरात, परक्या भाषेत तिची कादंबरी करतो. माझ्या मते लक्ष्मण राव लेखक ठरतात ते इथे, छापील पुस्तकाच्या कितीतरी आधी.

आता छपाई. हस्तलिखित घेऊन ते प्रकाशकांकडे गेले, तिथे न वाचताच अपमान करून परत पाठवलं गेलं, हे त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितलंय. मग स्वतःच प्रकाशक व्हायचं ठरलं. 'भारतीय साहित्य कला प्रकाशन' या नावाने पुस्तकं निघू लागली. सायकलवर पिशव्या लावून दिल्लीतल्या शाळा आणि ग्रंथालयं पालथी घालायची, ग्रंथपालाला पुस्तक दाखवायचं, दुपारी परत येऊन चहाचं दुकान लावायचं. लेखक आपण स्वतःच आहोत हे सुरुवातीला ते लोकांना सांगतही नसत, कारण कपड्यांकडे बघून कोणी विश्वास ठेवत नसे. हे सगळं चालू असतानाच पत्रद्वारा शिक्षण घेत चाळिशीत दिल्ली विद्यापीठाची बीए आणि पुढे इग्नूतून हिंदीत एमए.

१९८४ मध्ये ते इंदिरा गांधींना भेटले. त्यांच्यावर लिहायची इच्छा बोलून दाखवली आणि त्या भेटीतून 'प्रधानमंत्री' हे नाटक आलं. 'रामदास'ला २००३ मध्ये इंद्रप्रस्थ साहित्य भारतीचा पुरस्कार मिळाला. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना राष्ट्रपती भवनातही त्यांचं स्वागत झालं. प्रतिभाताई अमरावतीच्या खासदार होत्या हे इथल्या लोकांना सांगायला नकोच. आज त्यांची वीसहून जास्त पुस्तकं आहेत, ऑनलाइन दुकानांतही मिळतात.

मला मांडायचंय ते एवढंच. 'बघा, चहा विकत असूनही लिहितो' अशी कौतुकाची भाषा सगळीकडे असते. मला ती उलटी वाटते. त्या दुकानामुळेच ते लिहू शकले. दुकानाने घर चालवलं, त्यामुळे पुस्तकाच्या पैशाला हात लावावा लागला नाही आणि तो पैसा परत छापखान्याकडे जाऊ शकला. दिवसभर माणसं समोर येत राहिली. वाचकही तिथेच भेटला, मधे कोणीही नाही. दुकान आधी, कादंबरी नंतर, हा क्रम मी म्हणूनच अधोरेखित केला. कोणाच्या परवानगीवाचून लिहायचं तर पायाखाली स्वतःची जमीन लागते, मग ती पदपथावरची चार फूट का असेना.

तुम्ही त्यांचं काही वाचलंय का? स्वखर्चाने कथा-कादंबरी काढणाऱ्या इतर लेखकांबद्दलही लिहा.

---

धामणगावकर

धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्या तालुक्यातलं गाव आहे ते. तळेगाव दशासर म्हटलं की आमच्याकडे सगळ्यात आधी शंकरपट आठवतो, बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी गावाचं नाव दूरदूर आहे. हा कापसाचा पट्टा. आमच्या नदीनाल्यांचं सांगायचं तर उन्हाळ्यात पोरं त्यात क्रिकेट खेळतात आणि पावसाळ्यात तेच पात्र माणूस गिळतं. पाणी वरून संथ दिसतं, खाली डोह असतो, आणि तो डोह कुठे आहे हे त्याच गावच्या लोकांना ठाऊक असतं, वाटसरूला नाही. रामदासची गोष्ट वाचताना मला आमच्या गावचा एक मुलगा आठवला. त्याच्यावर कोणी काही लिहिलं नाही.

एक प्रश्न आहे आणि तो रागाने विचारत नाहीये. आमच्या मातीतला माणूस, आमच्या नदीची गोष्ट, मग मराठीत का नाही?

---

यमुनाकाठ

दिल्लीत जन्म आणि वास्तव्य, घरात मराठी. त्या रस्त्याने माझं जाणं-येणं आहे आणि त्यांची 'नर्मदा' ही कादंबरी मी तिथूनच घेतली होती. मला एक गोष्ट सांगायचीच आहे. तो रस्ता ज्यांच्या नावाचा आहे ते विष्णू दिगंबर म्हणजे आपले पलुस्कर, कुरुंदवाडचे. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते राजाश्रय न घेता, लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या तिकिटांवर. दरबार सोडून थेट श्रोत्यांकडे गेलेला गवई आणि प्रकाशकाच्या दारातून परत येऊन थेट वाचकांकडे गेलेला कादंबरीकार, दोघेही मराठी, दोघेही उत्तरेत, आणि एकाच्या नावाच्या रस्त्यावर दुसरा. हा योगायोगच आहे, पण मला तिथून जाताना दर वेळी भरून येतं.

दर्यागंजबद्दलही थोडं. वऱ्हाडवाट म्हणतात तो रविवारचा बाजार पदपथावर भरायचा, पुस्तकं ढिगाने, वजनावरसुद्धा. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो पदपथावरून उठला आणि जवळच्या महिला हाटमध्ये गेला. आता व्यवस्थित ओटे आहेत, गर्दीही होते. पण ज्याच्या खिशात फारसं काही नाही अशा माणसाला शेक्सपिअर मिळावा ही सोय त्या पदपथाने केली होती, आणि त्या पदपथाचंही या लेखकाच्या घडणीत देणं आहे.

हिंदी भवनात साहित्याचे कार्यक्रम होतात आणि कादंबरीकार बाहेर चहा गाळत असतो, याचं मला वाईट वाटतं. आत बसलेल्यांनी कधी त्यांना आपल्यात धरलं असतं तर काय बिघडलं असतं?

---

कडूनिंब

धागा आवडला, पण एका बाबतीत मी वेगळं बोलणार आहे.

लक्ष्मण रावांच्या आयुष्यावर सगळे लिहितात, कादंबरीवर कोणी लिहीत नाही. या धाग्यातही आतापर्यंत 'रामदास' कशी सुचली हे आलं, कशी लिहिली आहे हे आलं नाही. लेखकाचा हा मोठा अपमान आहे, भले तो प्रेमाने केलेला असो. माणसाने चाळीस वर्षं कादंबऱ्या लिहिल्या त्या आपण त्याच्या कष्टांचं कौतुक करावं म्हणून नव्हे, वाचाव्यात म्हणून.

मी 'रामदास' वाचली. माझं मत प्रामाणिकपणे सांगते. भाषा सरळ, वाक्यं स्वच्छ, माणसं चांगली किंवा वाईट अशी लगेच ओळखू येतात. गुलशन नंदांच्या घराण्याच्या खुणा जागोजाग आहेत. मला ठिकठिकाणी वाटत राहिलं की इथे एखाद्या जाणत्या संपादकाने हात धरायला हवा होता. हे पान काढा, हा संवाद अर्ध्यावर थांबवा, ही भावना सांगू नका, दिसू द्या. हे सांगणारं माणूस त्यांना मिळालं नाही. प्रकाशकाने दार लावलं तेव्हा लेखकाचं पुस्तक अडलं नाही, ते निघालंच. पण त्या दारामागे जो संपादक बसलेला असतो (निदान असायला हवा) तो मात्र कायमचा हरवला. स्वतंत्र वाटेचं गुणगान करताना ही किंमत लपवू नये.

---

वऱ्हाडवाट

कडूनिंब, 'वाचाव्यात म्हणून' हे शंभर टक्के मान्य. संपादकाबद्दलही तुमचं म्हणणं खोटं नाही. फक्त एक विचारतो. ज्या दारात हस्तलिखित उघडूनही पाहिलं गेलं नाही, त्या दारामागचा संपादक त्यांना मिळणार होता असं कशावरून? सत्तरच्या दशकात दिल्लीत पान-विडीच्या दुकानदाराचा हात धरायला कोण बसलं होतं? ती किंमत त्यांनी मोजली नाही, ती त्यांच्याकडून वसूल केली गेली.

---

मधली ओळ

धामणगावकर, 'मराठीत का नाही' याचं उत्तर माझ्या परीने.

एक तर ज्याला वाचून लिहावंसं वाटलं तो गुलशन नंदा हिंदीत होता. माणूस ज्या भाषेत स्वप्न पाहायला शिकतो त्याच भाषेत बऱ्याचदा लिहितो. दुसरं, वऱ्हाड आणि नागपूर १९५६ पर्यंत ज्या प्रांतात होते तिथे हिंदी शेजारच्या घरात होती. तिसरं, दुकान दिल्लीत. गिऱ्हाईक हिंदी वाचणारं. ज्याला स्वतःच विकायचंय त्याने समोरच्याच्या भाषेत लिहिलं तर त्यात गैर काय?

आणि मराठी घरातून हिंदीत गेलेली वाट तशी जुनी आहे. माधवराव सप्रे घ्या. जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातला, घर मराठी. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढलं आणि १९०१ मध्ये त्यातच स्वतःची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा छापली. हिंदीतली पहिली आधुनिक कथा कोणती या वादात आजही ती कथा मानाने उभी केली जाते. गोष्ट इवलीशी आहे. जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. ती चूल घालायला त्याच जागेतली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. टोपली त्याला उचलत नाही. एका टोपलीचं ओझं झेपत नाही तर या सगळ्या जमिनीचं ओझं जन्मभर कसं झेपेल, असं ती विचारते. जमीनदाराचे डोळे उघडतात, तो झोपडी परत देतो. संपलं. मी ती कितीदा वाचली असेल, अजूनही शेवटाला थांबतो.

पुढे टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं तेही सप्र्यांनीच. मुक्तिबोधांचं घर तर सगळ्यांना माहीत आहे, गजानन माधव हिंदीतले कवी आणि धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले. त्यामुळे लक्ष्मण राव मराठीला सोडून गेले असं मला वाटत नाही. आपल्याच अंगणातून निघालेली ही वाट आहे. राहिला प्रश्न 'रामदास' मराठीत येण्याचा, तर तो आता आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

---

धामणगावकर

मधली ओळ, पटलं. शेवटचं वाक्य तर जिव्हारी लागलं. आमच्या इथल्या वाचनालयात मूळ हिंदी तरी आहे का ते उद्याच बघतो.

---

जुनं पान

स्वतःचं छापून स्वतः वाचकापर्यंत नेणं ही गोष्ट आपण 'मोठं प्रकाशन मिळालं नाही म्हणून' अशी सांगतो. इतिहासात तसं नेहमी नव्हतं.

हरी नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं. 'पण लक्षांत कोण घेतो' वाचकांसमोर आली ती त्यातून, हप्त्याहप्त्याने. पत्र त्यांचं, कादंबरी त्यांची, वर्गणीदारही त्यांचेच. मराठी कादंबरीचा पाया ज्याने घातला असं आपण म्हणतो त्याने तो स्वतःच्याच पत्रात घातला. आणि वऱ्हाडवाट यांच्या मुद्द्याला धरून बघा: आपट्यांचा चरितार्थ पुण्याच्या आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनावर होता. पोटाची सोय दुसरीकडे होती, म्हणून विधवेच्या केशवपनाबद्दल जे लिहायचं ते लिहिता आलं.

याच्या उलट उदाहरण प्रेमचंदांचं. १९२३ मध्ये त्यांनी बनारसला सरस्वती प्रेस काढला, १९३० मध्ये 'हंस' हे मासिक सुरू केलं. सरकारी नोकरी आधीच सोडलेली, १९२१ मध्ये, असहकाराच्या हाकेला ओ देऊन. छापखाना सतत तोट्यात. तो तोटा भरायला म्हणून १९३४ मध्ये त्यांना मुंबईला येऊन अजंटा सिनेटोनसाठी सिनेमा लिहावा लागला. मुंबई मानवली नाही, वर्षभरात परत गेले आणि १९३६ मध्ये वारले. लक्ष्मण राव दर्यागंजला ज्यांची पुस्तकं शोधत होते त्या प्रेमचंदांना छापखान्याने असं पिळून काढलं होतं. चहाच्या दुकानाचं मोल यावरून कळतं.

इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ आणि तिच्या नवऱ्याने १९१७ मध्ये घरच्या जेवणघरात हातछापखाना मांडला आणि १९२२ पासूनच्या तिच्या सगळ्या कादंबऱ्या त्याच होगार्थ प्रेसमधून निघाल्या. मनाला येईल ते लिहायची मोकळीक आपल्याला याच छापखान्यामुळे आहे अशा अर्थाचं तिने रोजनिशीत लिहून ठेवलंय. तिच्याबाबतीत कोणी 'बिचारीला स्वतः छापावं लागलं' असं म्हणत नाही. पदपथावरच्या लेखकाबाबतच आपण तसं का म्हणतो?

---

सिअ‍ॅटलकर

कडूनिंब यांच्या संपादकाच्या मुद्द्यावर एक आजचं उदाहरण. अँडी वीअर हा कॅलिफोर्नियातला संगणक प्रोग्रॅमर. प्रकाशकांशी गाठ घालून देणाऱ्या एजंटांकडून नकार घेऊन झाल्यावर त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर गोष्टी फुकट टाकायला सुरुवात केली. २००९ पासून मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराची गोष्ट एकेक प्रकरण करून लिहू लागला. वाचकांत रसायनशास्त्राचे, अवकाशतंत्राचे जाणकार होते. ते चुका कळवायचे, हा प्रकरण दुरुस्त करायचा. वाचकांनीच मागणी केली म्हणून २०११ मध्ये ते ई-पुस्तक म्हणून किंडलवर ठेवलं, ९९ सेंट किमतीला, कारण त्याहून कमी ठेवता येत नव्हती. काही महिन्यांत हजारो प्रती गेल्या, मग प्रकाशक स्वतःहून आला आणि २०१५ मध्ये सिनेमा. 'द मार्शियन'.

मला यशापेक्षा त्या दुरुस्त्या महत्त्वाच्या वाटतात. संपादक एकच माणूस असावा असं नाही. पण वाचकाकडून पुस्तक निघण्याआधी ऐकून घ्यायची सोय लेखकाला हवी. लक्ष्मण रावांच्या काळात पदपथावर ती सोय नव्हती. छापून झाल्यावरच वाचक यायचा, आणि छापलेलं कसं पुसणार? आज मराठीत लिहिणाऱ्याला ती सोय आहे. आणखी एक साम्य: वीअरनेही ही कादंबरी लिहिली तेव्हा नोकरी सोडलेली नव्हती.

---

कडूनिंब

सिअ‍ॅटलकर, विज्ञानातली चूक वाचक दाखवू शकतो. 'हे पात्र खोटं वाटतंय' हे वाचक मनात म्हणतो आणि पुस्तक मिटतो, लेखकाला कळवत नाही. किंवा कळवतो ते 'छान लिहिलंय, पुढचा भाग लवकर टाका' असं. मला अजूनही एका कठोर, प्रेमळ, पगार घेणाऱ्या संपादकाची जागा दुसऱ्या कशाने भरलेली दिसत नाही.

जुनं पान, आपट्यांचा दाखला फार आवडला. पण 'करमणूक'च्या हप्त्यांमुळे कादंबरी किती पसरट झाली हेही तुम्हाला माहीत आहेच.

---

भातुकली

मी स्वतः स्वखर्चाने एक कथासंग्रह काढला आहे, म्हणून माहितीसाठी लिहिते. ज्यांना या वाटेने जायचंय त्यांना उपयोग होईल.

पैसा छपाईत जातो असं सगळ्यांना वाटतं. छपाईचा हिशेब सरळ असतो: सोळा पानांचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं), किती फर्मे, कोणता कागद, बांधणी कुठली. छापखानेवाला दहा मिनिटांत आकडा सांगतो, आणि पानं फर्म्याच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही. काटकसर करायचीच असेल तर मुखपृष्ठाच्या चकाकीत करा, मुद्रितशोधनात करू नका. लेखकाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, डोळा जे लिहायचं होतं तेच वाचतो. कडूनिंब म्हणतात तसा संपादक बाहेरून पैसे देऊन मिळवता येतो, आणि माझ्या मते तो पहिला खर्च असावा.

आयएसबीएन क्रमांक (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आपल्याकडे सरकारकडून विनामूल्य मिळतो, व्यक्तीलाही मिळतो. त्यासाठी कोणी 'पॅकेज'मध्ये पैसे लावत असेल तर विचारा. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. त्यांतलं एक मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. बरेच स्वखर्चवाले हे करत नाहीत. कृपा करून करा. पन्नास वर्षांनी कोणी शोधायला आलं तर पुस्तक तिथेच सापडेल.

खरी अडचण पुढे. पुस्तकांचे गठ्ठे घरी येतात आणि मग कळतं की विकायची कशी याचा विचारच झालेला नाही. विक्रेते नव्या नावाचं पुस्तक ठेवायला तयार होतात, पण विकल्यावर पैसे, आणि त्यात त्यांचं कमिशन. एका वितरकाकडे माझ्या प्रती कितीतरी महिने बांधलेल्याच पडून होत्या. शेवटी माझी पुस्तकं गेली ती शाळांच्या स्नेहसंमेलनांत, महिला मंडळांत आणि दिवाळीच्या आधीच्या प्रदर्शनांत, टेबल लावून, स्वतः उभं राहून. पहिल्या दिवशी आवाज फुटत नव्हता. 'मीच लिहिलंय' हे दोन शब्द म्हणायला फार धीर लागतो. लक्ष्मण राव सुरुवातीला लेखक असल्याचं सांगत नसत हे वाचून मला ते किती जवळचे वाटले हे इथे लिहून सांगता येणार नाही.

---

नवा अंकुर

भातुकलीताई, खूप उपयोगी माहिती. मी बीएला आहे, कादंबरी लिहितोय, अर्धी झालीय. घरचे म्हणतात आधी नोकरी बघ. मला वाटायचं नोकरी केली तर लिहिणं संपलं. हा धागा वाचून गोंधळ उडाला आहे. लक्ष्मण राव लिहायचे कधी, हे कुणाला माहीत आहे का?

---

यमुनाकाठ

अंकुर, त्यांनी मुलाखतींत सांगितलंय त्यावरून, दुकान आवरल्यावर रात्री. सुरुवातीच्या वर्षांत रस्त्यावरच्या दिव्याखालीही अभ्यास आणि लेखन झालंय. अलीकडे दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात त्यांना चहासाठी सन्मानाने बोलावून काम दिलं गेलं, पण म्हणून लिहिणं सुटलेलं नाही. घरच्यांचं ऐक. फक्त अशी नोकरी बघ की जिथून आल्यावर डोकं शिल्लक राहील.

---

वऱ्हाडवाट

सगळ्यांचे आभार. कडूनिंब यांचं म्हणणं मनावर घेऊन पुढचं ठरवतोय. ज्यांना जमेल त्यांनी 'रामदास' मागवा. ऑनलाइन मिळते, दिल्लीत कोणी जाणार असेल तर तिथूनच घ्या. महिनाभराने वेगळा धागा काढू आणि त्यात फक्त कादंबरीबद्दल बोलू. पात्रं, रचना, भाषा, कुठे जमलंय, कुठे नाही. लेखकाच्या आयुष्याचा उल्लेखही नको. कडूनिंब, सुरुवातीचं लेखन तुम्ही कराल का? तुमच्याइतकं बारकाईने ती कोणी वाचलेली दिसत नाही.

धामणगावकर, वाचनालयाचं काय झालं?

---

धामणगावकर

जाऊन आलो. नाहीये. ग्रंथपाल काकांना नावही माहीत नव्हतं, पण गावाचं नाव सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं विचारून घेतलं. या वर्षीच्या खरेदीत घालतो म्हणाले. मी म्हटलं तोवर माझ्याकडून एक प्रत भेट घ्या. दोन मागवल्यात. दुसरी माझ्यासाठी, नव्या धाग्याच्या आधी वाचून होईल.

---

कडूनिंब

लिहिते. पण परत एकदा वाचून मग. महिना पुरेल.